रेडिओ मालिका म्हणजे वाचून दाखवलेली कॉमिक्स नव्हेत

अमेरिकेतील 1930 आणि 1940 च्या दशकांतील साहसी रेडिओ मालिकांविषयी एक मत सर्रास मांडले जाते: वर्तमानपत्रातील चित्रपट्टी नटांनी माइकपुढे वाचून दाखवली, त्या निमित्ताने मुलांना माल विकला आणि मागे काहीही उरले नाही. या मताचे तीन भाग आहेत आणि तिन्ही सारखेच चुकीचे नसल्यामुळे ते वेगवेगळे तपासावे लागतात.

‘वाचून दाखवली’ हा भाग सर्वांत तकलादू आहे. हॅरॉल्ड ग्रे यांची ‘लिटल ऑर्फन ॲनी’ ही एका अनाथ मुलीची चित्रपट्टी 1924 पासून छापली जात होती आणि 1931 मध्ये ती एनबीसी या रेडिओ जाळ्यावर आली. रोजच्या अंकातील तीन-चार चौकटी मिनिटभरात वाचून होतात, तर श्रुतिकेला जाहिरातींसह 15 मिनिटे भरावी लागत. मधले प्रसंग, संवाद आणि उत्कंठा लेखकांनाच रचावी लागे. देशाच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारी प्रक्षेपणाची सोय नसल्याने सुरुवातीची काही वर्षे शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को येथे दोन वेगळे नटसंच एकच संहिता सादर करीत असत. खरेखुरे वाचन ऐकू आले ते जुलै 1945 मध्ये, जेव्हा वर्तमानपत्रे पोचवणाऱ्या कामगारांच्या संपामुळे न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी रेडिओवरून मुलांना कॉमिक्स वाचून दाखवली.

या मताच्या बाजूने 1935 च्या ‘फ्लॅश गॉर्डन’ या अंतराळसाहसाच्या रेडिओ मालिकेचा दाखला देता येईल, कारण तिचे 26 साप्ताहिक भाग चित्रकार ॲलेक्स रेमंड यांच्या वर्तमानपत्रातील रविवारच्या पानांना बरेच धरून होते. तरीही रेमंड यांचे बळ रेषेत होते आणि नेमकी रेषाच रेडिओवर पोचत नाही. ती उणीव निवेदन, ध्वनिपरिणाम आणि नटांचे आवाज यांनी भरून काढावी लागे. या कसबाचा मला सर्वाधिक भावणारा नमुना ‘सुपरमॅन’मध्ये आहे. कॉमिक्सच्या मासिकातून 1938 मध्ये आलेला हा नायक 1939 मध्ये वर्तमानपत्रात आणि फेब्रुवारी 1940 मध्ये रेडिओवर पोचला. चित्रात चष्मा काढला आणि पोशाख बदलला की सामान्य माणूस म्हणून वावरणाऱ्या क्लार्क केंटचा सुपरमॅन होतो. रेडिओवर ही भूमिका करणारे नट बड कॉलियर यांनी तोच बदल एका वाक्यात घडवला: वाक्याचा आरंभ केंटच्या वरच्या पट्टीत आणि शेवट खर्जातल्या भारदस्त स्वरात. छापील पानावर हे शक्यच नव्हते.

माल विकण्याचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. ‘ॲनी’चे प्रायोजक ओव्हलटीन हे दुधात घालायचे पेय होते आणि त्याच्या डब्याचे सील पाठवल्यावर मुलांना रेडिओवर सांगितलेला सांकेतिक संदेश उलगडण्याचा बिल्ला मिळे. परंतु त्याच बिल्ल्यामुळे ऐकणारे मूल पेन्सिल घेऊन आकडे टिपत कथेत सामील होई, हेही नाकारता येत नाही.

‘मागे काही उरले नाही’ हे विधान ध्वनिमुद्रणांपुरते अंशतः खरे आहे; ‘ॲनी’चे फार थोडे भाग आज ऐकायला मिळतात. कथांच्या बाबतीत ते साफ चुकीचे आहे. सुपरमॅनला दुर्बळ करणारे क्रिप्टोनाइट 1943 मध्ये रेडिओवर अवतरले आणि कॉमिक्समध्ये 1949 मध्ये आले. सुपरमॅनचा तरुण मित्र जिमी ओल्सन याचे नावही आधी रेडिओवरच ऐकू आले. ‘लोन रेंजर’ या मुखवटाधारी घोडेस्वार नायकाने तर संपूर्ण वाटच उलटी चालली: जानेवारी 1933 मध्ये डेट्रॉइटच्या केंद्रावर जन्मलेला हा नायक 1938 मध्ये वर्तमानपत्रातील चित्रपट्टीत गेला.