गॅरेजने गाडी बिघडवली, तर? त्या व्हायरल सल्ल्यातलं एकेक कलम

दुरुस्तीहून आलेली गाडी पुन्हा बिघडली तर काय करायचं, याचा एक सल्ला सगळीकडे पुढे पाठवला जातो. तो थोडक्यात असा: दुरुस्तीनंतर आलेला बिघाड ही गॅरेजचीच चूक समजा, आधी दोन-चार दिवस चालवून बघा, नवे पार्ट बसतील, डॅशबोर्डवर दिवा लागला तर बॅटरीची तार काढून परत लावा, तरी भागलं नाही तर त्या गॅरेजची पायरी चढू नका, दुसरीकडे दुरुस्त करून बिल पहिल्याला पाठवा, आणि तोवर त्याचे पैसे अडवून ठेवा. वैतागलेल्या माणसाला हे सगळं लगेच पटतं. पण यातल्या जवळपास प्रत्येक पावलाने एकतर गाडीचं नुकसान वाढतं, नाहीतर हातातला पुरावा जातो.

“दुरुस्तीनंतर बिघडली, म्हणजे त्यांनीच बिघडवली.”

असेलही. पण आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: झालेल्या कामात कुठेकुठे हात लागला होता? एअर फिल्टर बदलल्यावर इंजिन आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन सुरू असताना) वरखाली होत असेल आणि स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी0171 कोड येत असेल, तर फिल्टरच्या डब्यापासून निघणाऱ्या नळीची क्लिप सैल राहिली असण्याची शक्यता मोठी. सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. टायमिंग बेल्ट (क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टचा मेळ राखणारा पट्टा) बदलल्यावर इंजिन थरथरतंय आणि हा मेळ चुकल्याचा पी0016 कोड आला, तर बेल्ट एखादा दात पुढे-मागे बसलाय का, हे सगळ्यात आधी बघावं. टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा दांडा) बदलल्यावर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहत असेल, तर चाकांची अलाइनमेंट केलेली नाही किंवा नीट झालेली नाही. इथे कामाचा आणि बिघाडाचा धागा सरळ दिसतो. याउलट ब्रेक पॅड बदलले आणि आठवड्याने एसीचा कॉम्प्रेसर बसला, तर या दोन गोष्टींचा संबंध जोडता येत नाही.

खरी अडचण असते ती मधल्या प्रकारात. रेडिएटरचं जुनं, दमलेलं झाकण बदललं की कूलिंग सिस्टीममध्ये पुन्हा पूर्ण दाब तयार होतो आणि कडक झालेली जुनी नळी फुटते. काम बरोबर झालेलं असतं. पण नळीची अवस्था समोर दिसत असताना गॅरेजने बोलायला हवं होतं, हा आक्षेप रास्त आहे.

शिवाय चूक कुठल्या जातीची आहे हेही वेगळं करावं लागतं. काम नीट झालं नाही, तर तेच काम मजुरी न घेता पुन्हा करून मागायचं. पार्टच सदोष निघाला, तर पार्टची वॉरंटी लागू होते. ती फक्त पार्टची आहे की पुन्हा बसवायच्या मजुरीचीही, हे बिलावर बघा. पार्ट तुम्हीच विकत आणून दिला असेल, तर गॅरेज सहसा त्याची हमी घेत नाही. तिसरा प्रकार चुकीच्या निदानाचा, आणि तो सिद्ध करायला सगळ्यात अवघड. पी0420 कोड आला म्हणून महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा भाग) बदलला आणि दोष एक्झॉस्टच्या गळतीत निघाला, तर बसवलेला पार्ट उत्तम असतो, बसवलेलाही नीट असतो, फक्त गरज नव्हती. अशा वेळी एकच गोष्ट उपयोगी पडते: पार्ट बदलण्याआधी कोणती तपासणी केली आणि मोजमाप काय आलं, याची जॉब कार्डावरची (गाडीची तक्रार आणि काम लिहिलेल्या गॅरेजच्या कागदावरची) नोंद. ती काम सुरू होण्याआधीच मागून ठेवावी.

“थोडी चालवून बघा, बसेल.”

हा या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग आहे. नव्या ब्रेक पॅडचा हलका आवाज पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये कमी होऊ शकतो. नवी बॅटरी लावल्यावर आयडलिंग थोडा वेळ अस्थिर राहतं, पॉवर विंडो पुन्हा शिकवावी लागते. सवलत देता येते ती एवढ्यापुरतीच.

ऑइल बदलून आणलेल्या गाडीत ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करायचं, घरापर्यंतही न्यायची नाही. अशा वेळी कधीकधी जुन्या ऑइल फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलेलं असतं आणि त्यावरच नवा फिल्टर बसवलेला असतो. गाडी जागेवर सुरू असताना कधीकधी एक थेंबही गळत नाही, पण दाब वाढला की रबर सरकतं आणि ऑइल भराभर बाहेर पडतं. ड्रेन प्लगचा वॉशर जुनाच ठेवला किंवा आटे खराब झाले, तरी गळती होते. दिवा लागलेल्या अवस्थेत गाडी पुढे चालवली आणि बेअरिंग गेलं, तर गॅरेज म्हणणार, “दिवा दिसूनही तुम्ही थांबला नाहीत,” आणि त्या म्हणण्यात तथ्य असेल.

कूलंट बदलल्यावर तापमानाचा काटा एकदम चढला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर सिस्टीममध्ये हवा अडकलेली असण्याची किंवा कूलंट कमी पडल्याची शंका घ्या. इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचा भाग) जास्त तापलं की वाकतं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. ब्रेकच्या कामानंतर पेडल स्पंजसारखं लागलं किंवा पाय दाबून ठेवल्यावर हळूहळू खाली गेलं, तर लाइनमध्ये हवा आहे, गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरातून ब्रेकचा दाब तयार करणारा भाग) आतून दाब सोडतोय. ती गाडी टोइंगनेच परत पाठवा. चाक काढलेलं असेल, तर नट 50 ते 100 किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासायचे असतात. चाकाकडून खडखड किंवा नवी थरथर जाणवली तर तेवढंही थांबू नका.

“बॅटरीची तार काढा, दिवा जातो.”

दिवा जातो, सोबत पुरावाही जातो. कोड नोंदवताना गाडीचा संगणक त्या क्षणाची स्थितीही साठवतो: इंजिनाचे फेरे, तापमान, वेग, इंजिनावरचा भार. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष थंड इंजिनावर आला की चढावर, हे त्यावरून कळतं. बऱ्याच गाड्यांत बॅटरी तोडल्यावर ही नोंद पुसली जाते, आणि स्कॅनरने कोड पुसल्यावर तर पुसली जातेच. म्हणून आधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचे फोटो घ्या. गॅरेजवाल्यालाही पुसण्याआधी तेच करायला सांगा.

“परत तिथे जाऊ नका.”

विश्वास उडालेला असतो, त्यामुळे हे पटतं. पण पहिल्या गॅरेजला गाडी न दाखवता दुसऱ्याने उघडली, की पहिल्याकडे सरळ उत्तर तयार असतं: दुसऱ्याने हात लावलाय, आता आमची जबाबदारी नाही. म्हणून आधी लेखी कळवा, मेसेज केला तरी चालेल. गाडी कधी ताब्यात मिळाली, तेव्हा मीटर किती होता, आता किती आहे, बिघाड नेमका कधी दिसतो आणि तुम्हाला काय करून हवंय, एवढं पुरतं. दोषारोप टाळा, लक्षणं लिहा. “काम बोगस केलंत” यापेक्षा “सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर साधारण दोन मिनिटं इंजिनाच्या डाव्या बाजूने टकटक, गरम झाल्यावर बंद” हे मिस्त्रीच्या कामाचं. आवाजाचा व्हिडिओ जोडा. गाडी न्याल तेव्हा मिस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारा आणि तक्रार तुमच्या शब्दांत नव्या जॉब कार्डावर लिहून घ्या.

दुसरं मत जरूर घ्या, पण फक्त तपासणीचं. पैसे देऊन लेखी अहवाल मागा आणि त्यात आकडे असू द्या: प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, पॅडची जाडी, प्रेशर टेस्टमध्ये दाब किती उतरला. “आधीच्याने वाट लावली” या वाक्याला कुठेच किंमत नाही. काही उघडावंच लागलं, तर पहिल्या गॅरेजला कळवून, फोटो काढत उघडा आणि निघालेले पार्ट जपून ठेवा. पहिल्या दुरुस्तीत निघालेले पार्टही परत मागायचे असतात, मात्र काम सुरू होण्याआधी. अल्टरनेटर, स्टार्टर, कॅलिपर असे पार्ट कधीकधी बदल्यात कंपनीकडे परत जातात. तिथे निदान फोटो घ्या.

“पैसे अडवून ठेवा.”

अनेक देशांच्या कायद्यात बिल भरेपर्यंत गाडी ताब्यात ठेवायचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला असतो, म्हणून पैसे अडवले की अनेकदा गाडीच अडकते. दुसऱ्या किल्लीने ती परस्पर काढून आणली, तर भांडणात तुमचीच बाजू लंगडी होते. वाद बिलातल्या एका कामाचा असेल, तर बाकीची रक्कम भरायची तयारी लेखी दाखवा. ते नाकारलं आणि गाडी हवीच असेल, तर पूर्ण भरा, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहा: “या कामाबद्दल हरकत कायम ठेवून रक्कम दिली.” खाली तारीख आणि मीटरचा आकडा टाका. कार्डाने भरल्यास बँकेकडे व्यवहाराची तक्रार करायची वाट बहुधा खुली राहते, रोखीत ती नसते.

काम पुन्हा करून मिळालं, तर ताबा घेताना बिघाड ज्या स्थितीत दिसत होता त्याच स्थितीत गाडी तपासा. थंड इंजिनावरची टकटक गरम गाडीवर ऐकून काही कळणार नाही. गाडी रात्रभर तिथेच ठेवा आणि सकाळी तुमच्यासमोर सुरू करायला सांगा.