‘विदेशी पैशाने कुठेच लोकशाही आली नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच लिहिणार होते पण म्हटलं सकाळ होऊ दे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते, मागच्या लेखात मी बांगलादेश-नेपाळातल्या स्थानिक सरकारांना मिळणाऱ्या परदेशी मदतीबद्दल लिहिलं होतं, त्यावर यांचं म्हणणं: “मॅडम, एसीत बसून लिहिणं सोपं आहे, कधी बस्तीत पाय ठेवलाय का? विदेशी पैशाने कुठेच लोकशाही आली नाही, फक्त सेमिनार झाले. आता अमेरिकेने हात आखडल्यावर सगळे रडतायत.” खाली नाव नाही.

मुद्दा कितीही कडक मांडा, इथे मी कोणाची कॉमेंट आजवर उडवलेली नाही. पण समोरचा माणूस कोण, काय केलंय त्याने, काही माहीत नसताना एकदम ‘पाय ठेवलाय का’? इंदूरच्या मराठी मंडळींत वाद काय कमी होतात का, पण समोरच्याची लायकी काढून सुरुवात करायची पद्धत मी तरी आमच्या घरात बघितली नाही.

तर ठेवलाय पाय. नव्वदच्या दशकात ब्रिटिश सरकारच्या मदतीने इथल्या, म्हणजे इंदूरच्या, बस्त्यांमध्ये ड्रेनेज, रस्ते, पाण्याच्या लाइनी टाकल्या गेल्या, ज्या कामाला १९९८ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, त्या काळात मी कॉलेज संपवून खान नदीकाठच्या एका बस्तीत बायकांच्या बैठका घेत होते. चेंबर कोणाच्या दारासमोर येणार यावरून तास-तास भांडणं चालायची. एक मावशी उठल्या, वीटेच्या तुकड्याने गल्लीत रेघ ओढली आणि म्हणाल्या, पावसाचं पाणी इकडून उतरतं, तुमच्या नकाशात उतार उलटा आहे. बरोबर त्याच होत्या. पुढे देखभालीअभावी लाइनी चोक झाल्या, बरीच घरं जोडलीच गेली नाहीत, त्यावर टीका छापूनही आली, आणि ती टीका मला मान्य आहे. पाइपाला पैसा होता, पण तो पाइप साफ ठेवायचा पैसा आणि हक्क त्या गल्लीतल्या माणसांकडे नव्हता. मदतीचा पैसा कुठे वाया जातो हे मला तुमच्याकडून शिकायचं नाहीये.

आता ते ‘कुठेच’. मदतीने लोकशाही येते असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. मी लिहिलं की पैसा निवडून आलेल्या परिषदेच्या खात्यात गेला आणि त्याचा हिशोब लोकांसमोर लागला तर त्या परिषदेला बळ येतं. बांगलादेशात सिराजगंज जिल्ह्यात २००० च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने थेट युनियन परिषदांना, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या ग्रामपंचायतींना, पैसा द्यायला सुरुवात झाली, काय बांधायचं ते वार्डातल्या लोकांनी बसून ठरवायचं. मग २००६ पासून वर्ल्ड बँकेच्या मदतीने तीच पद्धत देशभर नेली, आणि २००९ च्या युनियन परिषद कायद्यात वार्ड सभा, म्हणजे वार्डातल्या लोकांची बैठक, आली. हा सेमिनार आहे का? युगांडाचं तर आणखी वेगळं, तिथे पैसा त्यांच्याच सरकारचा होता, बाहेरच्यांनी फक्त मोजून दाखवलं की १९९१ ते ९५ मध्ये शाळांसाठी निघालेल्या दर शंभरातले सरासरी तेराच शाळेपर्यंत पोचले, बाकीचे जिल्ह्यातच अडकले. मग सरकारने दर महिन्याला कोणत्या जिल्ह्याला किती पाठवले ते पेपरात छापायला लावलं, शाळेच्या भिंतीवर आकडे लावायला लावले, आणि गळती पुष्कळ कमी झाली. भिंतीवरचा एक कागद, बस.

हां, हॉटेलातल्या कार्यशाळांवर खर्च फार होतो हे तुमचं बरोबर आहे, ते मी मानते.

माझ्या लेखातलं नेपाळचं मात्र तुम्ही अर्धवट वाचलंत. तिथे २००२ पासून २०१७ पर्यंत गावात निवडून आलेलं कोणी नव्हतंच, मदतीचा पैसा अधिकारी आणि सर्वपक्षीय समित्यांच्या हातून जायचा, भ्रष्टाचाराच्या इतक्या तक्रारी झाल्या की २०१२ मध्ये त्या समित्या बरखास्त कराव्या लागल्या. २०१७ ला निवडणुका झाल्या, ७५३ स्थानिक सरकारं आली, प्रत्येक वार्डात एक जागा दलित महिलेसाठी राखीव. ती जागा कोणा दात्याने दिली नाही, नेपाळच्या कायद्याने दिली. पैसा तोच, देणारे तेच, फरक पडला तो घेणारा कोण यामुळे. हेच तर मी पूर्ण लेखभर सांगतेय!

अमेरिकेचं म्हणाल तर त्यांच्या सरकारची परदेशी मदत देणारी संस्था यूएसएड १ जुलै २०२५ ला बंद झाली, त्यावर नंतर लिहीन. आणि विदेशी पैसा म्हटलं की तुम्हाला फक्त गोऱ्यांचाच दिसतो, २००५ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी सुरू झाला त्यात मोठी रक्कम देणाऱ्यांमध्ये आपला भारत होता. इंदूरला नर्मदेचं पाणी आणणाऱ्या योजनेच्या तिसऱ्या टप्प्याचं पाणी तुमच्याही घरी येत असेल, त्यात एडीबीचं, म्हणजे आशियाई विकास बँकेचं, कर्ज होतं. ते पाणी पिताना विदेशी वाटलं नाही वाटतं?

तुमच्या कॉमेंटच्या शेवटी ‘दलाल’ वगैरे जे लिहिलंय, जे मी वर दिलं नाही, त्याला मी उत्तर देणार नाही.