बेसिनकाठचा पाणबुड्या

माझ्याकडे 200 मीटर खोल समुद्रात नेता येईल असं घड्याळ आहे. हात धुताना मी ते काढून ठेवतो.

नुसतं काढत नाही. मऊ फडक्यावर कुशीवर निजवतो, फडकं बेसिनपासून दोन पावलं लांब सरकवतो आणि मग नळ सोडतो, तोही बारीक. मुलाला पहिली आंघोळ घालताना मी इतका घाबरलो नव्हतो.

दोष पोलादाचा नाही, रबराचा आहे. पाणी अडवतात त्या मागच्या झाकणाखालच्या आणि चावीतल्या रबरी रिंगा. माझं घड्याळ 1967 चं. एवढ्या वर्षांत रबर वाळतं, तडकतं. नव्या रिंगा बसवता येतात. पण त्या जिथे टेकतात तिथलं पोलादच गंजून खड्डे पडले असतील, तर बिचारी रिंग तरी काय करणार?

खरं तर हे खानदान शूरांचं. ब्लँपॅन कंपनीचं ‘फिफ्टी फॅदम्स’ 1953 मध्ये आलं. पन्नास फॅदम म्हणजे साधारण 91 मीटर. फ्रेंच लष्कराचे पाणबुडे ते बांधून काळ्या पाण्यात उतरत. पाठोपाठ रोलेक्सचं ‘सबमरीनर’ आलं, ओमेगाचं ‘सीमास्टर 300’ आलं. माझ्या घड्याळाची बेझल, म्हणजे पाण्याखालचा वेळ मोजायची काचेभोवतीची कडी, एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागलाच, तर पाण्याखाली जास्त वेळ झाल्याचं दिसतं आणि माणूस लवकर वर येतो. एवढा जिवाचा विचार करून केलेल्या त्या बेझलवर मी वॉशिंग मशीनची वेळ लावतो. मशीनपासून लांब उभा राहून.

जुन्या घड्याळांच्या या छंदात सगळंच उफराटं. डायलवरचे ठिपके अंधारात चमकावेत म्हणून त्यात ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य घालत. ते 12 वर्षांत निम्मं होतं, पुढच्या 12 वर्षांत त्याच्याही निम्मं. आता रात्री माझं घड्याळ माझ्याइतकंच चाचपडतं. पण ठिपके पांढऱ्याचे साईच्या रंगाचे झालेत, त्याला ‘पॅटिना’ म्हणायचं आणि जास्त पैसे मोजायचे. काळी डायल विटून तपकिरी झाली की ‘ट्रॉपिकल’. बेझल पार उडून राखाडी झाली की ‘घोस्ट’. हे सगळं मी बायकोला रंगून सांगितलं. तिने माझ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “मग हे ट्रॉपिकल की घोस्ट?”

दुरुस्तीला न्यायचं म्हणजे तर पोटात गोळाच. डोळ्याला भिंग लावून कारागीर म्हणाले, “काळजी करू नका साहेब, अगदी नव्यासारखं करून देतो.”

“नको!” मी इतक्या जोरात ओरडलो की त्यांचं भिंग पडलं. मग त्यांना एकेक सांगत गेलो. पॉलिश नको, कडा झिजतात. ठिपके रंगवायचे नाहीत. काटे बदलायचे नाहीत. डायलला हात लावायचा नाही. काचेवरचा तो ओरखडा माझ्या फार आवडीचा आहे.

“मग आणलंत कशाला?”

ते पाच मिनिटं मागे पडतं, हे सांगायची मला लाज वाटली.

गेल्या रविवारी मुलगा हट्टाला पेटला. “बाबा, तुझं पोहायचं घड्याळ आहे ना? मग चल पोहायला.” गेलो. तो प्लॅस्टिकचं घड्याळ घालून तलावात धबाधब उड्या मारत होता आणि मी काठावर, कोरडा. पहिला शिंतोडा उडाला तसा मी डावा हात वर केला. दुसऱ्याला आणखी वर. तिसऱ्याला टाचा उंचावून, हात ताठ आभाळाकडे करून उभा राहिलो.

पलीकडच्या जीवरक्षकाला वाटलं, कोणीतरी मदत मागतंय. त्याने सरळ पाण्यात सूर मारला, सपासप अंतर कापत आला, काठावर चढला आणि ठिबकत्या दोन्ही हातांनी माझं तेच मनगट घट्ट धरून म्हणाला, “घाबरू नका, मी आलोय.”