'निनावी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : नवं लाकूड आणि जुना राजवाडा

सोलमधल्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यावरच्या माझ्या लेखाखाली 'निनावी' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : राजवाड्याचा बराच भाग 1990 नंतर उभा राहिलेला आहे, 'नव्या लाकडाला सहाशे वर्षांचा वारसा म्हणणं ही वाचकांची फसवणूक आहे', एकोणिसाव्या शतकातल्या बांधकामाचा भुर्दंड रयतेला पडला त्यावर मी अवाक्षर काढलेलं नाही, आणि 'कोरियन मालिका बघून इतिहास लिहू नये'.

मालिकांपासूनच सुरुवात करते. हा टोमणा पुरुष ब्लॉगलेखकाला मारला असतात का? मी दक्षिण कोरियातल्या सुवोनमध्ये काही वर्षं संसार केलाय साहेब, तिथल्या ह्वासॉन्ग किल्ल्याच्या तटापासून चालत जाण्याच्या अंतरावर. भाजी आणायला जाताना तो तट रोज दिसायचा. खालचे दगड काळपट, शेवाळलेले. काही ठिकाणी त्यांच्यावर फिकट, सरळ कडांचे नवे दगड. सांधा उघड दिसतो, कुणी लपवलेला नाही. याला फसवणूक म्हणतात?

मुळात हा किल्ला राजा जॉन्गजोने 1794 ते 1796 मध्ये बांधला आणि त्याच्या कामाची साद्यंत नोंद 1801 मध्ये छापून निघाली : आराखडे, यंत्रांची चित्रं, सामान कुठून आलं, कारागिरांची नावं, त्यांची मजुरी. कोरियन युद्धात जांगानमुन हा दरवाजा गेला, तो 1970 च्या दशकात याच नोंदींवरून पुन्हा उभा केला. पाल्दालमुन हा दुसरा दरवाजा मात्र मूळचाच आहे. 1997 मध्ये युनेस्कोने हा किल्ला वारसायादीत घेतला. त्यांचीही फसवणूक झाली म्हणायची!

ग्योंगबोकगुंगचंही तेच. 1395 चा राजवाडा 1592 च्या जपानी स्वारीत जळाला, तो थेट 1860 च्या दशकात देवॉनगुनने, म्हणजे लहान राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या त्याच्या वडिलांनी, परत बांधला. पुढे जपान्यांनी त्यातल्या कितीतरी इमारती पाडल्या, 1926 मध्ये सिंहासनगृहासमोर स्वतःचं सरकारी मुख्यालय आणून ठेवलं आणि राजवाड्याचा मुख्य दरवाजा ग्वांगह्वामुन उचलून बाजूला नेला. 1968 मध्ये तो दरवाजा काँक्रीटमध्ये झाला, 2010 मध्ये पुन्हा लाकडात आणि मूळ जागी. त्यावरची पाटी पांढरी की काळी यावर वाद घालून, जुना फोटो शोधून, 2023 मध्ये त्यांनी काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरं बसवली. इतकी चिकित्सा करणारे लोक आणि आपण इथे बसून त्यांना खोटं ठरवायचं. शिवाय राजवाड्यातल्या ग्योंगहोएरू या मेजवानीच्या मंडपाचे 48 दगडी खांब, बाहेरचे चौकोनी, आतले गोल, हे तरी नव्या लाकडाचे नाहीत ना?

एक मान्य : फोटोंखाली बांधकामाचं साल द्यायला हवं होतं. आज दिलंय.

भुर्दंडाबद्दल : या बांधकामाच्या खर्चासाठी देवॉनगुनने 1866 मध्ये शंभराच्या दर्शनी किमतीचं नाणं पाडलं, त्याने महागाई भडकली, हे मलाही ठाऊक आहे. एका लेखात सगळं मावत नाही. ज्यांना फक्त तेच वाचायचंय त्यांनी स्वतःचा ब्लॉग काढावा, फुकट असतो.

पुढचा लेख कोरियाच्या गोर्यो काळातल्या सेलाडॉनवर, म्हणजे हिरवट झिलईच्या भांड्यांवर आहे. या जरूर, पण नाव लावून या. निनावी माणसाशी कितीदा बोलायचं?