कोंबड्यांचा डबा ठेवा, पण त्यात रॉकेल नको

एक संदेश सध्या गावाकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतोय. परसातल्या कोंबड्यांसाठी चार वस्तू डब्यात ठेवा, म्हणे: मानमोडीवर अँटिबायोटिकची पावडर, तापावर पॅरासिटामॉल, उवांवर रॉकेल, जखमेवर हळद-तेल. मग डॉक्टर लागतच नाही.

डबा हवाच. आतला माल मात्र तपासू.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूमुळे होते आणि अँटिबायोटिक चालतं ते जिवाणूंवर. पावडर पाजून एखादी कोंबडी वाचलीच, तर ती स्वतःच्या दमावर वाचली. औषधाचा अंश मात्र अंड्यातून पोरांच्या ताटात आला. या रोगाला आधी दिलेली लस हाच आडोसा. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा ते आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बी लसीची सुई. ही लस डब्यात राहत नाही. तिला २ ते ८ अंशांचा गारवा लागतो, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. कुपी असते साधारण शंभर पक्ष्यांची, आपल्या खुराड्यात दहा-बारा. म्हणून आळीतल्या चार घरांनी एकाच सकाळी पिल्लं डालग्यात घालून आणली तरच हिशेब जमतो. संदेशात यातलं अक्षर नाही.

तापाचं तर हसूच येतं. धडधाकट कोंबडीचं अंगच ४१ अंशांच्या वर असतं. माणसाच्या हाताला ती रोज तापलेलीच लागणार. हात लावण्यापेक्षा विष्ठा बघा, तुऱ्याचा रंग बघा, दाणे टिपते का बघा.

रॉकेलने कातडी भाजते, आणि पिसं साफ करताना तेच चोचीतून पोटात जातं. लोळायला कोरडी राख-माती द्या. रात्री रक्त पिणारे बारीक तांबडे किडे दिवसा खुराड्याच्या फटीत दडतात, तेव्हा साफसफाई तिथे.

हळदीशी माझं भांडण नाही. पण रक्ताचा लाल ठिपका दिसला की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात, म्हणून जखमीला आधी वेगळ्या डालग्याखाली ठेवा. मग मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, पोविडोन आयोडीन लावा. डब्यात ते, कापसाऐवजी गॉज, पट्टी, कात्री, ओआरएस आणि बिनसुईची सिरिंज एवढं पुरे. सिरिंजने ओआरएसचं पाणी चोचीच्या कडेला थेंब-थेंब सोडा. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं. धार सोडली तर पाणी थेट फुफ्फुसात.

आणि ‘डॉक्टर लागत नाही’? २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबारच्या नवापुरात सापडला. अचानक पटापट मर लागली तर डबा उघडूच नका. मेलेली कापू नका, उरलेली बाजारात नेऊ नका; १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.