"ऑनलाइन मानसोपचार म्हणजे लूट" या फॉरवर्डला मुद्द्यावर मुद्दा

आपल्या नागपूरच्या सोसायटी ग्रुपांवर आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे. त्यात म्हटलंय की मनाचा आजार डॉक्टरसमोर बसल्याशिवाय कळूच शकत नाही, व्हिडिओवर गोळ्या लिहून देणं बेकायदेशीर आहे, स्क्रीनवर कोणीही डॉक्टर बनून बसतो, तुमचं बोलणं विकलं जातं, आणि शेवटी, खरंच आजारी असेल तो पागलखान्यात जाईल, बाकीच्यांनी मन घट्ट करावं. हे वाचून माझ्या ओळखीतल्या एका पोरीनं मुश्किलीनं घेतलेली अपॉइंटमेंट कॅन्सल केली. म्हणून एकेक मुद्दा घेते.

समोर बसल्याशिवाय कळत नाही, हा पहिला. अहो, मनाचा डॉक्टर मुख्य काम करतो ते विचारण्याचं. झोप कशी आहे, भूक कशी, हे कधीपासून, घरात आधी कोणाला होतं का, दारू किती, मरणाचे विचार येतात का. सोबत तुमचा चेहरा, बोलण्याचा वेग, मधेच तुटणारं वाक्य हे तो बघत असतो आणि ते व्हिडिओवर बरंचसं दिसतं. डिप्रेशन आणि अँग्झायटीसाठी सीबीटी नावाची जी थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी) देतात तिचे व्हिडिओवरचे आणि खोलीतले रिझल्ट बऱ्याच अभ्यासांमध्ये जवळपास सारखेच आलेत. हं, काही गोष्टी सुटतात, हे मान्य. दारूचा वास येत नाही, चाल दिसत नाही, बीपी घेता येत नाही. चांगला डॉक्टर त्यावर वाट काढतो, गोळ्यांनी हात थरथरतात का बघायला दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर सरळ धरायला लावतो, लिथियम हे औषध चालू असेल तर रक्ताची तपासणी गावच्याच लॅबमध्ये करायला सांगतो, थायरॉइडची पण, कारण थायरॉइड कमी झालं की माणूस डिप्रेशनसारखाच मरगळतो. गडचिरोलीतल्या अहेरी-सिरोंचाकडच्या माणसाला नागपूरला येऊन धंतोलीत नंबर लावायचा म्हणजे अख्खा दिवस जातो आणि मजुरी बुडते ती वेगळी, त्याच्यासाठी फॉलोअप फोनवर होणं किती मोठी गोष्ट आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याला काय कळणार?

दुसरा मुद्दा, बेकायदेशीर. साफ खोटं. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यात कोणती औषधं कशी लिहायची याच्या याद्याच आहेत आणि प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर हवा असंही आहे. काही औषधांवर मात्र ऑनलाइन बंधन आहे, खासकरून एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात येणाऱ्या अनेक गोळ्यांवर. म्हणजे एखादा डॉक्टर "ही गोळी मी इथून देऊ शकत नाही, एकदा या" म्हणत असेल तर तो नियम पाळून राहिला आहे, त्याच्यावर चिडू नका.

कोणीही डॉक्टर बनून बसतो, यात मात्र तथ्य आहे आणि मला याचा खरंच राग येतो. सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहिणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि तो थेरपी देतो. पण "काउन्सेलर", "माइंड कोच", "हीलर" ही नावं आठवडाभराचा कोर्स करूनही लोक लावून घेतात. म्हणून पैसे भरायच्या आधी रजिस्ट्रेशन नंबर मागा, द्यायला कां कू केलं की फोन ठेवा. आणि हो, असे लोक पॉश ऑफिस थाटूनही बसतात बरं, स्क्रीनचा दोष नाही तो.

बोलणं विकलं जातं? डॉक्टरवर बंधन आहे, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलाय. ॲपची गोष्ट वेगळी. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपीच्या कंपनीनं लोकांची माहिती फेसबुकसारख्यांना जाहिरातीसाठी दिली म्हणून तिथल्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले. तेव्हा भीती अगदीच हवेतली नाही, ॲप सोडून थेट ओळखीच्या डॉक्टरची व्हिडिओ वेळ घेता येते की. मला तर जास्त काळजी घरातल्या कानांची वाटते. दोन खोल्यांचं घर, बाजूला सासू, अशात बाई नवऱ्याबद्दल बोलणार कशी? माझ्या ओळखीची एक जण उन्हाळ्यात कूलर फुल करून दाराशी ठेवते, त्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नाही, हेडफोन लावून आरामात बोलते. हिवाळ्यात गच्चीवर जाते. पण ज्या घरात मारहाण आहे, फोन तपासला जातो, तिथं ऑनलाइनचा हट्ट करू नका, तिथं बाहेर पडून समोरासमोर भेटणंच सुरक्षित.

राहिला पागलखाना. हा शब्द वाचूनच अंगावर काटा येतो. आपलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे, तिथं ओपीडी चालते, मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांतही मानसोपचार विभाग आहे, दाखवून घरी येणारी साधी माणसं असतात. पण कोणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, रात्ररात्र न झोपता माणूस भलत्याच जोशात पैसे उडवत असेल, किंवा रोज पिणाऱ्यानं एकदम दारू सोडली आणि हात थरथरून बरळायला लागला तर व्हिडिओची वेळ घेत बसू नका, सरळ घेऊन जा. दारू अचानक तोडल्यावर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. कोणी जीव द्यायची तयारी करून बसलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, १०८ किंवा ११२ लावा.

आणि नुसतं बोलायचं असेल, अपॉइंटमेंट घ्यावी की नाही हेच ठरत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, ऑक्टोबर २०२२ पासून चालू. मराठीत बोलता येतं. जिनं अपॉइंटमेंट कॅन्सल केली तिलाही मी हाच पाठवलाय, आणि सोबत डॉक्टरला विचारायचे तीन प्रश्न: तुमचा रजिस्ट्रेशन नंबर काय, मधेच तब्येत बिघडली तर कोणाला फोन करू, आणि गरज पडली तर समोर कुठं भेटाल.