साबणाच्या पाण्यात तेलाचे रेणू फुटत नाहीत

काल रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "घातलंय मशीनमध्ये, किती वेळ ठेवू?" फॉरवर्ड असा: साबणाच्या पाण्यात तेलाचे रेणू फुटतात हे अल्ट्रासॉनिक लहरींनी सिद्ध झालंय, म्हणून खायच्या तेलात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घालून ते दागिने धुवायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये ठेवा, पचायला हलकं होतं. शिवाय ज्या तेलात ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटरच्या वर, तेच शुद्ध.

अल्ट्रासॉनिक लहरींनी द्रवातला ध्वनीचा वेग मोजायचा प्रयोग मी एम.एस्सी.ला स्वतः केलाय, म्हणून जास्तच चीड आली. इंटरफेरोमीटर म्हणजे हा वेग मोजायचं उपकरण. त्याच्या छोट्याशा सेलमध्ये द्रव भरायचा. तळाचा क्वार्ट्झ स्फटिक २ मेगाहर्ट्झने थरथरतो. वरचा मायक्रोमीटर अगदी हळू फिरवायचा आणि मीटरचा काटा कुठे उसळतो ते टिपायचं. लागोपाठच्या दोन उसळ्यांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. त्यावरून वेग, आणि वेग व घनतेवरून संपीड्यता, म्हणजे द्रव किती दाबला जातो ते. रेणू एकमेकांना किती धरून आहेत, याचा अंदाज त्यातून येतो. इतक्या क्षीण लहरीने रेणू फुटायचा प्रश्नच नाही.

मग साबण काय करतो? पाण्यात सरफॅक्टंट, म्हणजे साबणासारखं द्रव्य, वाढवत नेलं की एका टप्प्यावर वेगाच्या आलेखाचा उतार बदलतो. सोडियम डोडेसिल सल्फेट या सरफॅक्टंटचा हा टप्पा २५ अंशांना लिटरमागे साधारण ८ मिलिमोलला येतो. तिथे साबणाचे रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर असे गोळे बांधतात, त्यांना मिसेल म्हणतात. तेल त्यांच्या पोटात जाऊन बसतं, अख्खंच्या अख्खं. तेलाच्या रेणूला जोडून ठेवणारे एस्टर बंध तोडायला कॉस्टिकसारखा अल्कली लागतो, नाहीतर आतड्यातलं लायपेज हे चरबी पचवणारं एन्झाइम. तेलाचे बारीक थेंब झाले की लायपेजचं काम सोपं होतं, एवढं या फॉरवर्डमध्ये खरं आहे. पण त्यासाठी शरीरात पित्तक्षार आहेत. भांड्यांचं लिक्विड पोटात गेलं तर फेस होऊन उलटी होते, आणि तो फेस फुफ्फुसात शिरला तर जीवावर बेततं.

मशीनने तेल बदलतं, हेही मान्य. पण ते बिघडतं! २००४ साली 'अल्ट्रासॉनिक्स सोनोकेमिस्ट्री' या नियतकालिकात सूर्यफूल तेलावरचा अभ्यास आला होता. तीव्र अल्ट्रासाउंड दिलेल्या तेलाला खवट, धातूसारखा वास आला आणि त्यात हेक्झानल हे तेल खवट झाल्यावर तयार होणारं रसायन सापडलं.

राहिला वेग. चांगल्या खाद्यतेलातही तो २५ अंशांना १४५० च्या आसपास असतो आणि अंशामागे तीनेक मीटरने घटतो. १५०० च्या वर ३० अंशांचं साधं पाणी जातं: १५०९.

ताई, ते तेल ओतून टाक. मुलांना देऊ नकोस.